सर बोलत असताना

२१ जून

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. पत्रास कारण काहीही नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पाकीट फोडताना तुला उगाच धडधड नको. तिकडे तुझं नर्सिंगचं पुढचं शिक्षण नीट चाललं असेल. वर्षभरासाठी लेकीला माझ्या हवाली करून निघालीस तेव्हा गाडीच्या खिडकीतून तू म्हणालीस, "हिला सांभाळ, आणि जरा कमी बोल." पैकी पहिली गोष्ट मी पाळतो आहे.

भाची मजेत आहे. जेवते, झोपते, अभ्यास करते. आणि तुला ऐकून बरं वाटेल, तिचं ते मध्येच बोलणं जवळजवळ थांबलं आहे. बोलायला लागल्यापासून तिने कुणाचंही वाक्य पुरं होऊ दिलं नाही, म्हणून तूच तिचं नाव 'मध्येच' ठेवलंस. तीच मध्येच आता जेवताना मीठ हवं असलं तरी आधी हात वर करते. मी मान हलवली की मगच मागते. शिस्त अंगात मुरते ती अशी.

ही शिस्त कुठून आली ते सांगतो, कारण त्यात तुझ्या भावाचा थोडा वाटा आहे. यंदा दहावीच्या, म्हणजे मध्येचच्याच वर्गाच्या, प्रयोगांचे तास माझ्याकडे आले. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक जुनी पाटी होती: 'गॉगल घातल्याशिवाय प्रवेश नाही.' मुलं आज्ञाधारक. पहिल्याच तासाला अख्खा वर्ग काळे गॉगल लावून हजर. समुद्रावर सहल निघाल्यासारखी मंडळी ओट्यांपाशी उभी राहिली. द्रावणाचा रंग बदलला की सांगा म्हटलं, तर एकजात सगळे म्हणाले, आधी काळा होता, नंतरही काळाच आहे.

मी उसन्या शब्दांचा जुना वैरी. ती पाटी मी त्याच दिवशी उतरवली आणि स्वच्छ मराठीत नवी लिहिली: 'डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मा अनिवार्य.' मध्येच मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, तुम्हाला जे म्हणायचंय ते या शब्दात येत नाहीये." मी तिला उभं केलं. दुसऱ्या तासाला मुलं चष्मे घालून आली. आजीचे, आजोबांचे, एकाने तर शेजाऱ्यांचा आणला होता. कुणाला ओटा दिसेना, कुणाला एकाच्या दोन परीक्षानळ्या दिसू लागल्या. एकाने चंचुपात्रात ओतायचं पाणी माझ्या बुटात ओतलं. दुपारी एक आजोबा भिंत चाचपडत शाळेत आले आणि शिपायाला मुख्याध्यापिका समजून त्यांनी त्याच्याकडे तक्रार केली.

तेव्हा मला मुळातला रोग सापडला. मुलं आपल्या मनाने अर्थ काढतात. प्रयोगशाळेत मन चालवणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. ताई, आपल्या भाषेतलं सगळ्यात स्फोटक संयुग कोणतं माहीत आहे? 'काही होत नाही.' हे तीन शब्द एकत्र आले की जगातलं कुठलंही छप्पर उडू शकतं. म्हणून मी तीन नियम केले आणि मुलांकडून घोकून घेतले. सर बोलत असताना कोणीही बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर हात वर करायचा. आणि सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

वर्ग बदलला. टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि सांगितल्याशिवाय ती कोणी उचलणार नाही.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्यावर इतक्या खूश आहेत की पुढच्या महिन्यात आसपासच्या सगळ्या शाळांच्या विज्ञानशिक्षकांसमोर 'प्रयोगशाळेतील सुरक्षा' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं आहे. प्रात्यक्षिकासह. प्रात्यक्षिकाचं नक्की काय करायचं ते अजून माझ्या डोक्यात बसलेलं नाही.

मध्येच सध्या प्रयोगाच्या तासाला वाचनालयात बसते. शांत जागा आहे, उजेड चांगला आहे, वाचन वाढतं. त्यामागे विशेष काही नाही.

हे पत्र उभ्याने लिहितो आहे, म्हणून अक्षर जरा तिरपं आलं असेल. वही कपाटावर ठेवून उभ्याने लिहिलं की विचार सरळ राहतात, असा माझा ताजा अनुभव आहे.

तुझा धाकटा भाऊ
(हल्ली लोक मला वक्ता म्हणतात, तेव्हा 'भोंगा' हे लहानपणचं नाव पाकिटावर लिहू नये)

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. आमच्या एका सहकाऱ्याला कमरेच्या खाली डाव्या बाजूला, माणूस ज्या भागावर बसतो तिथे, किरकोळ भाजलं आहे. फोड नाहीत, नुसतं लाल आहे. योगायोगाने त्याच वेळी अंगावर पाणी सांडलं होतं. त्याने टूथपेस्ट लावली आहे. ते बरोबर आहे का? आणि त्याने बसावं कसं?


३ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तू 'श्री. भोंगा' असं ठळक लिहिल्यामुळे पोस्टमनने ते जिन्यातून मोठ्याने वाचून दिलं. आता वरच्या मजल्यावरची मुलंही त्याच नावाने हाक मारतात.

तू लिहितेस, "तुझ्या सहकाऱ्याला सांग, टूथपेस्ट दातांना लावतात, आणि उभ्याने पत्र लिहिणारे सहकारी मी ओळखते." बरं. सहकारी मीच आहे. टूथपेस्ट धुऊन टाकली (तिच्याखाली चांगलंच चिघळलं होतं), तू सांगितलेलं मलम आणलं, आरशाकडे पाठ करून लावतो आहे. इथवर माझी लाज गेली तेवढी पुरे होती. पण पुढे तू जे लिहिलंस ते वाचून मी जो उभा राहिलो तो बराच वेळ जागचा हललो नाही. बसता येत नव्हतं हे एक कारण, पण तेवढंच नाही. तू लिहिलंस: "फोड आले नाहीत याचा अर्थ कुणीतरी शहाण्या माणसाने लगेच भरपूर पाणी ओतलं. योगायोगाने सांडलेलं पाणी इतकं नेमकं सांडत नाही. जो कोणी असेल त्याचे पाय धर."

ताई, तो माणूस वाचनालयात बसतो. माझ्यामुळे.

आता सगळं सांगतो. मध्ये बोलू नकोस.

तिसरा तास होता. स्पिरिटचा दिवा कसा पेटवावा आणि कसा विझवावा एवढंच दाखवायचं होतं. दिवा मी पेटवला. विझवण्याच्या आधी माझं भाषण आलं. विषय अर्थात 'काही होत नाही'. मी ओट्याला पाठ करून उभा, अंगात पांढरा कोट, कोटाच्या खिशात भाषणाच्या टिपणांची चळत. बोलता बोलता मी एक पाऊल मागे सरलो, आणि टिपणांसकट तो खिसा दिव्यावर जाऊन लोंबला. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की पुढच्या बाकावरून एक हात वर झाला. मग दोन. मग अख्खा वर्ग हात वर करून बसला, डोळे मोठे, तोंडं अर्धवट उघडी. ताई, मी आजवर पुष्कळ सभा पेटवल्या, पण असा प्रतिसाद मला कुठल्याच सभेत मिळाला नव्हता. मला भरून आलं. मी म्हटलं, "हात खाली करा, तुमच्या भावना पोचल्या."

त्यांनी हात खाली केले.

मी पुढे बोलत राहिलो. अंगात एक ऊब चढत होती, ती मी प्रेरणा समजलो. कागद जळल्याचा वास आला, तेव्हा खालच्या मजल्यावर कुणीतरी कचरा पेटवलाय असं वाटून त्या बेजबाबदार माणसालाही मी भाषणात घेतलं. इतक्यात मागच्या बाकावरून मध्येच धावत आली. परीक्षानळ्या धुवायची बादली दोन्ही हातांनी उचलली आणि "मामा, गप्प बस" म्हणत माझ्यावर उपडी केली.

मी चिंब उभा. केसांत एक परीक्षानळी. वर्ग अजून गप्प, कारण बोला असं मी म्हटलेलं नव्हतं.

"बाहेर हो," मी म्हटलं.

"मामा, तू पेटला होतास."

"वर्गात मी सर आहे."

"सर, तुम्ही पेटला होतात."

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. काय झालं, त्यांनी विचारलं. पहिल्या बाकावरच्या मुलाने नियमाप्रमाणे हात वर केला, आणि बाईंनी बोल म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, सरांच्या कोटातून आधी करडा धूर आला, मग पिवळी ज्योत. आम्हाला वाटलं सर दाखवतायत." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "प्रात्यक्षिक होतं?"

आणि ताई, मी हो म्हणालो. एवढंच. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

मग पुढचं बाईंनी आपोआप जुळवलं. शिक्षक प्रात्यक्षिक दाखवत असताना त्यांच्या अंगावर पाणी ओतलं, वर 'गप्प बस' म्हटलं. मध्येचला वर्षभर प्रयोगशाळेत यायची बंदी झाली. प्रयोग नाहीत तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, आणि ती नाही तर पुढे विज्ञानाला प्रवेश नाही. म्हणजे तुझ्यासारखी नर्स व्हायचं तिने चौथीपासून जे मनात धरलंय ते तिथेच संपतं. बाई हे बोलत होत्या तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी आता काहीतरी म्हणेन अशी नुसती वाट बघत होती. मी रिकाम्या बादलीत बघत होतो. आणि जिने जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिने त्या दिवशी माझं ते एका अक्षराचं खोटं पुरं होऊ दिलं. मध्ये काही बोलली नाही.

तुला तिने लिहिलं नसेल. तू परीक्षेच्या गडबडीत आहेस, तुला कळवू नये, असं मी तिला सुचवलं होतं. म्हणजे सांगितलंच होतं.

मागच्या पत्रात मी शिस्तीचं कौतुक केलं ते आता परत घेतो. परवा जेवताना तिने पुन्हा हात वर केला. मी म्हटलं, "अगं, घरात हात कशाला?"

"सर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

"मी कुठे बोलत होतो?"

"तू कधीही सुरू होऊ शकतोस."

हे ती हसून म्हणाली असती तर चाललं असतं. तिने मीठ घेतलं आणि ताटाकडे बघून जेवली. घरात हल्ली मी एक वाक्य सुरू करतो आणि ते शेवटपर्यंत जातं. कुणी अडवत नाही, कुणी दुरुस्त करत नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता माझंच वाक्य ऐकताना मला झोप येते.

तू म्हणशील, मग बाईंना जाऊन खरं सांग की. गेलो होतो. दोनदा गेलो. पहिल्यांदा मी सत्याच्या महतीपासून सुरुवात केली आणि मुद्द्यावर यायच्या आत तास संपल्याची घंटा झाली. दुसऱ्यांदा मी मोठ्या माणसांच्या चुकांची परंपरा थोडक्यात मांडली, तर बाई म्हणाल्या, "व्याख्यानाचा हा भाग फार छान झालाय, एवढाच लांब ठेवा." त्यांच्या मनात आता एकच आहे. पेटलेल्या कोटात एक शब्दही न चुकता बोलणारा शिक्षक त्यांनी याआधी ऐकलेला नव्हता. व्याख्यानाच्या दिवशी सगळ्या शाळांसमोर मी तेच प्रात्यक्षिक पुन्हा करावं अशी त्यांची इच्छा आहे. मला त्यांनी जुना कोटही काढून दिला आहे.

तेव्हा ताई, माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. पुन्हा पेटायचं, किंवा सगळ्यांदेखत विझायचं. दुसरा मी निवडतोय. लेकीला घेऊन जायला निघणार असशील तर व्याख्यान होईपर्यंत थांब. नंतर मी तुला अडवणार नाही.

तुझा,
कुशीवर झोपणारा भाऊ


१६ जुलै

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. लोक चार पानी पत्र पाठवतात, तू दोन ओळी पाठवल्यास. "सरळ वाक्यात सांग. कर्ता, कर्म, क्रियापद. न्यायला येते की नाही ते त्यानंतर ठरवीन." मी ते कार्ड खिशात घेऊनच सभागृहात गेलो. खिसा या वेळी शर्टाचा होता, वरचा.

सभागृह भरलं होतं. समोर विज्ञानशिक्षक, आणि तुला माहीतच आहे, शिक्षकांना ऐकायला बसवलं की ते तोंडावर ऐकण्याचा भाव ठेवून मनात पेपर तपासतात. व्यासपीठावर टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, शेजारी काडेपेटी, बाजूला भरलेली बादली आणि बाईंनी कौतुकाने इस्त्री करून आणलेला जुना कोट. पहिल्या रांगेत मध्येच. प्रात्यक्षिक कसं बघायचं असतं ते शिकायला बाईंनी तिला मुद्दाम पुढे बसवलं होतं.

कोट मी घातला नाही. दिवा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवला. 'मी खोटं बोललो' हे वाक्य मी आठवडाभर आरशासमोर घोकलं होतं. पण तू माझा रोग जाणतेस. समोर माणसं दिसली की माझ्या जिभेला चाकं फुटतात. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मित्रहो, आज तुमच्यासमोर एक पेटलेला माणूस उभा आहे." मग मला कोण थांबवणार? मी म्हटलं, आग कोटाला लागते तेव्हा पाण्याने विझते, अहंकाराला लागते तेव्हा पाणी ओतणाऱ्यालाच आपण शिक्षा करतो. मी म्हटलं, मी त्या मुलीचा अपराधी आहे. आवाज चढला, उतरला, एका जागी फुटलासुद्धा. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या की खिडक्यांच्या काचा वाजल्या. पहिल्या रांगेतले एक पोक्त शिक्षक शेजाऱ्याला म्हणाले, "काय रंगवलंय. आपल्याला खरंच वाटलं की." बाईंनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, "प्रस्तावना अप्रतिम. आता कोट घाला."

ताई, खरं बोलण्याची हौस मला जन्मभर होती, पण ते मी इतकं सजवून बोलतो की कुणाला खरं वाटत नाही, हे मला त्या क्षणी समजलं. मी तुझं कार्ड काढलं. वाचलं. म्हटलं, "बाई, मी खोटं बोललो. ते प्रात्यक्षिक नव्हतं. मी पेटलो होतो. मला कळलं नाही. मुलीने मला विझवलं. तिची शिक्षा काढा."

सभागृह शांत झालं. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात ते पोक्त शिक्षक म्हणाले, "हा चढ-उताराचा खेळ शिकण्यासारखा आहे. बघा, एकदम खाली आणलं."

मी हात टेकले. आणखी साधं कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. आणि तेव्हा पहिल्या रांगेतून एक हात वर झाला.

मध्येच. हात सरळ, कोपर कानाला टेकलेलं, नजर माझ्यावर. नियमाप्रमाणे.

"हात खाली कर," मी म्हटलं. "बोल."

"मध्येच?"

"मध्येच."

ती उभी राहिली आणि बाईंकडे वळली. "बाई, सर खरं सांगतायत. ते त्या दिवसापासून नीट बसलेले नाहीत. जेवतात उभ्याने, वह्या तपासतात उभ्याने. पुरावा हवा असेल तर त्यांना बसायला सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. लाकडी खुर्ची, बिनगादीची. "बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो, ताई. सगळं वजन टाकून बसलो, जसा निर्दोष माणूस बसतो तसा. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यात अलंकार नव्हता. चढ-उतारही नव्हता, नुसता चढ होता. सभागृहात एकही माणूस असा उरला नाही की ज्याला तो अभिनय वाटला. मागच्या रांगेत कुणीतरी आधी खुसकन हसलं, मग हसू पुढे पुढे येत गेलं, आणि शेवटी ते पोक्त शिक्षक रुमाल तोंडात धरून म्हणाले, "कुणी उशी द्या हो यांना." मी ताडकन उठलो ते हसू थांबेपर्यंत उभाच होतो. तू कधी हजार माणसांसमोर पडली आहेस का? नको पडूस. पण पडलीसच तर सांगतो, जमीन वाटते तितकी कठीण नसते. खुर्ची असते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मध्येचला व्यासपीठावर बोलावलं, बंदी काढल्याचं सगळ्यांदेखत सांगितलं आणि तिला म्हणाल्या, "तेव्हाच का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं मामा बोलेल. तो नेहमी बोलतो."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय शिक्षा द्यावी याचा मी विचार करत होते. वर्षभर प्रयोगाच्या तासाला सुरुवातीचं भाषण तुम्ही करायचं नाही. ही करील." माझा पगार कापला असता तर मी हसत सोसलं असतं. पण शिक्षा न्याय्य आहे, आणि ती नेमकी कुठे बसते हे बाईंनी बरोबर ओळखलं.

घरी येताना आम्ही दोघं रस्त्याच्या कडेने चाललो होतो. चपलांच्या दुकानापाशी मी थांबलो आणि म्हटलं, "माफ कर." ती जरा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच?"

"वाढवू?"

"नको. एवढंच चांगलंय." आणि चार पावलांनी, "आणि मामा, शर्टाचं बटण चुकलंय. व्याख्यानभर चुकलेलंच होतं." म्हणजे घडी पुन्हा बसली, हे मी ओळखलं.

काल तिचं पहिलं भाषण झालं. फळ्यापाशी उभी राहिली, कपाटातून तो रबरी कडेचा मोठा चष्मा काढून सगळ्यांना दाखवला. "चष्मा म्हणजे हा. आजोबांचा नाही. काही पेटलेलं, सांडलेलं, फुटलेलं दिसलं तर ओरडा. हात वर करत बसू नका. सर बोलत असले तर जास्त मोठ्याने ओरडा." संपलं. मी म्हटलं, कारणमीमांसा? ती म्हणाली, "सर, कारण सगळ्यांनी पाहिलंय."

नवा नियम मुलांनी असा उचलला की काल मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. एकदा बाटलीचं बूच उघडं होतं म्हणून ओरडले. एकदा माझी बाही दिव्याच्या जवळ गेली म्हणून. दोन्ही वेळा ते खरंच होतं, तेव्हा मी आभार मानले. मग माझी नाडी सुटली आहे असं पहिल्या बाकावरचा तो करडा धूर बघणारा मुलगा ओरडला. बुटाची, हे त्याने हसून झाल्यावर सांगितलं. आणि शेवटी एकदा सगळे मिळून नुसतेच ओरडले, कारण त्यांना ते आवडलं. पण ताई, त्या गोंगाटात पहिल्यांदा मला वाटलं की या खोलीत माझ्या पाठीलाही डोळे आहेत.

आता तुझ्या निर्णयाचं. लेकीला न्यायचं असेल तर ये, तिची बॅग मी स्वतः भरून देईन. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "आईला सांग, मी इथे राहिले नाही तर मामाला कोण विझवणार?" हे मी जसंच्या तसं कळवतो आहे, पण माझ्या मनाने त्याला काही जोडत नाही. आणि हे पत्र बसून लिहिलं आहे. उशीवर, पण बसून.

ती आत्ता माझ्या खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, या पत्रात 'ताई' आणि 'मी म्हटलं' फार वेळा आले, आणि समोर हजार माणसं नव्हती, खुर्च्याच शंभर होत्या. दुरुस्ती मान्य. एक शेवटचं, ताई, आणि हे मी मनापासून सांगतो. ज्या घरात, ज्या वर्गात, ज्या समाजात मोठ्या माणसाला लहानाने मध्येच अडवायची सोय नसते, तिथे एके दिवशी

ती म्हणते, मामा, पुरे. पान अजून अर्धं शिल्लक आहे, आणि वाक्य चांगलं होतं.

सांगितल्यावर थांबलेला,
तुझा भोंगा